‘ह्याला फ्रेम साइझ नसती काय गं?’ : एका कॅबिनेटचा इतिहास

गेल्या मे महिन्यात आमच्या आष्ट्याच्या घरी, गिरणीला लागून असलेल्या खोलीत, मी एक कॉम्प्युटर उघडून बसले होते. सांगलीतून जुन्या बाजारात घेतलेला, कुठल्यातरी ऑफिसातून बाहेर पडलेला ब्रँडेड डेस्कटॉप. आत आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम. माझं काम कर्क्युमिनच्या रेणूवर आहे. हळदीला पिवळा रंग देणारा हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या कडीसारख्या रेणूच्या पोकळीत शिरला की विरघळतो. तो आत शिरतो कसा, टिकतो किती, हे मी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून बघते. विभागातल्या सर्व्हरवर रांग लागलेली असते. म्हणून ठरवलं, घरच्या मशिनमध्ये एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड टाकायचं आणि सुट्टीत चार-सहा रन काढायचे.

कार्ड स्लॉटमध्ये बसलं. पण त्याला वेगळी आठ पिनची वायर लागते, आणि डब्यातल्या एसएमपीएसला तशी वायरच नव्हती. हिशोब केला तर एसएमपीएस १८० वॅटचा. प्रोसेसर ६५, कार्ड १२५, बेरीज इथेच १९०. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, उरलेले वायरीनेच द्यावे लागतात. मग नवा एसएमपीएस आणला. त्याचा मोठा २४ पिनचा प्लग हातात घेतला आणि मदरबोर्डवर जागा शोधायला लागले, तर तिथं सहा पिनांचं एक छोटं खोबणं. बरं, नवं कॅबिनेट घेऊन सगळं त्यात हलवावं म्हटलं, तर बोर्डाची भोकं नव्या कॅबिनेटच्या भोकांशी जुळेनात. पॉवरचं बटण आणि पुढचे यूएसबी तर बोर्डालाच जोडलेले.

अण्णा गिरणी बंद करून हात झटकत आत आले. थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, “ह्याला फ्रेम साइझ नसती काय गं?”

त्यांचा प्रश्न गिरणीतून आलेला होता. आमच्या गिरणीला दहा हॉर्सपॉवरची मोटर आहे, १३२ फ्रेमची. म्हणजे जमिनीपासून तिच्या शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची १३२ मिलिमीटर, आणि पायांच्या भोकांमधली अंतरंही ठरलेली. मोटर जळली तर अण्णा कंपनी बघत नाहीत, फ्रेम बघतात. कोल्हापूरहून येऊ दे नाहीतर कोइमतूरहून, जुन्याच बोल्टांवर बसते आणि पट्टा जुन्याच पुलीवर चढतो. त्यामुळे एका डब्याचे भाग दुसऱ्या डब्यात बसत नाहीत हे त्यांना अडाणीपणाचं वाटलं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. रसायनशास्त्रात एमएस्सी, पीएचडीचं तिसरं वर्ष, रोजचं काम कॉम्प्युटरवर, आणि ज्या यंत्रावर काम करते त्याचा आकार असा का आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पुढचे काही दिवस रन बाजूला ठेवून मी तेच वाचत बसले. पेटची, नेटची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना उद्या अशाच एखाद्या डब्यासमोर बसायचंय, म्हणून लिहिते.

आधी शब्दांचं. आपल्याकडे त्या डब्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतला काडेपेटीहूनही छोटा चौकोनी तुकडा. डबा म्हणजे ‘कॅबिनेट’, वीजपुरवठ्याचा खोका म्हणजे ‘एसएमपीएस’. दुकानात ‘केस’ मागितली तर मोबाइलचं कव्हर पुढं येतं. आणि यंत्राच्या दोन जाती : ‘ब्रँडेड’ आणि ‘असेंबल्ड’. या दोन शब्दांतच बराचसा इतिहास आहे.

अण्णांच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘असती’ असं आहे. कॉम्प्युटरला फ्रेम साइझ असते, आणि ती एका बैठकीत ठरलेली नाही.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, मॉडेल क्रमांक ५१५०. फ्लोरिडातल्या बोका रेटन इथल्या छोट्या गटाने, डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखाली, साधारण वर्षभरात तो उभा केला. एवढ्या कमी वेळात सगळं स्वतः बनवणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, फ्लॉपी ड्राइव्हही बाहेरची. आत पाच स्लॉट, ज्यांत कुणीही कार्ड बनवून घालावं. आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते याचं, की आयबीएमने त्याची टेक्निकल रेफरन्स पुस्तिका विकायला काढली. सर्किटचे नकाशे तर तिच्यात होतेच, शिवाय बायोस या पायाभूत प्रोग्रामच्या सगळ्या ओळीही छापलेल्या होत्या. आज कुठल्या कंपनीकडे असं काही मागून बघा.

बायोसवर कॉपीराइट होता, त्यामुळे तो जसाच्या तसा उचलता येत नव्हता. कॉम्पॅक कंपनीने वाट काढली. एका गटाने आयबीएमचा बायोस काय काय करतो याची फक्त यादी केली. दुसऱ्या गटाने, ज्याने मूळ ओळी पाहिलेल्याच नव्हत्या, त्या यादीवरून नवा प्रोग्राम लिहिला. कॉम्पॅकचा पहिला कॉम्प्युटर नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाला. पुढं फिनिक्स कंपनी असा स्वतंत्रपणे लिहिलेला बायोस कुणालाही विकू लागली, आणि तैवानपासून टेक्सासपर्यंत ‘क्लोन’ तयार व्हायला लागले. क्लोन म्हणजे आयबीएमच्या कार्डांना चालणारा, आयबीएमचे प्रोग्राम चालवणारा, पण आयबीएमचा नसलेला कॉम्प्युटर.

इथंच फ्रेम साइझ जन्मली. ती कुणी घोषित केली नाही, नक्कल करणाऱ्यांनी ठरवली. १९८३ च्या आयबीएम एक्सटीमध्ये आठ स्लॉट होते, आणि ते बसवायला दोन स्लॉटांमधलं अंतर एका इंचावरून ०.८ इंचावर आणलं गेलं. क्लोनवाल्यांनी तेच अंतर धरलं, कारण कॅबिनेटच्या मागच्या फटी त्या अंतरावर होत्या. आज दुकानातलं सगळ्यात महाग ग्राफिक्स कार्ड घ्या, त्याच्या मागच्या पत्र्याचं अंतर अजून तेच आहे, २०.३२ मिलिमीटर. माझं कार्डही दोन फटी अडवतं, १९८३ च्या मापाने. हे कळलं तेव्हा मी पट्टी आणून मोजलं.

१९८४ मध्ये आयबीएमचा एटी आला. त्याचा बोर्ड १२ इंच बाय १३.८ इंच, चांगला परातीएवढा. नंतर चिप्स कमी लागायला लागल्या तसे लहान बोर्ड निघाले, त्यांना ‘बेबी एटी’ म्हणत. पण भोकं अशी की जुन्या कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड बसावा. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/टू मालिका काढून दार पुन्हा लावायचा प्रयत्न केला. नवा स्लॉट, आणि तो वापरायचा तर परवाना घ्या. तोवर उशीर झाला होता. क्लोनवाले मोठे झाले होते, त्यातल्या नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन १९८८ मध्ये स्वतःचा वेगळा स्लॉट जाहीर केला. पीएस/टूचं आज काय उरलं? कीबोर्ड-माउसची ती जांभळी-हिरवी गोल भोकं, तीही काही बोर्डांवरच.

एटीच्या काळातली एक गोष्ट मला आमच्या सांगलीच्या दुकानदार काकांनी सांगितली. ते नव्वदच्या दशकापासून या धंद्यात आहेत. तेव्हा एसएमपीएसमधून बोर्डाकडे सहा-सहा वायरींचे दोन प्लग जायचे, पी-८ आणि पी-९, आणि दोन्ही दिसायला सारखे. अदलाबदल झाली की बोर्ड गेला. “आमचा मंत्र एकच हुता मॅडम, काळी काळीला!” म्हणजे दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. ज्या यंत्राची जोडणी पाठांतरावर चालते त्याची रचना कुठंतरी चुकली आहे, हे ओळखायला संशोधक व्हायला नको.

ते ओळखलं इंटेलने. जुलै १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं मानक प्रसिद्ध झालं, आणि हीच अण्णांची फ्रेम साइझ. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर. भोकं कुठं हे ठरलेलं. मागच्या जोडण्यांसाठी ठरलेल्या मापाची आयताकृती खिडकी, जिच्यात बोर्डासोबत येणारा पत्रा बसतो. दोन सारख्या प्लगांऐवजी २० पिनांचा एकच प्लग, जो उलटा जातच नाही. तो पुढं २४ पिनांचा झाला. १९९७ च्या शेवटी धाकटी बहीण आली, मायक्रो एटीएक्स, २४४ बाय २४४, आणि तीही मोठ्या कॅबिनेटच्या भोकांवर बसते. २००४ च्या सुमारास इंटेलनेच बीटीएक्स नावाचा नवा आकार आणून बघितला, दोन-तीन वर्षांत गुंडाळला. एकदा लाखो कॅबिनेटांना भोकं पडली की ती बदलणं ती पाडणाऱ्याच्याही हातात राहत नाही.

हे सगळं तिकडे चाललं होतं तेव्हा आपल्याकडे काय होतं?

आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली होती. परकीय कंपन्यांनी भांडवलातला हिस्सा कमी करावा ही सरकारची अट तिला मान्य नव्हती. त्याच सुमारास इथं एचसीएलसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं कॉम्प्युटर धोरण आणलं, सुट्या भागांवरची आयात जरा सोपी झाली, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, जिथं रेडिओचे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर मिळायचे तिथं हळूहळू मदरबोर्ड दिसायला लागले. या जोडाजोडीला तेव्हा ‘स्क्रू-ड्रायव्हर टेक्नॉलॉजी’ म्हणून हिणवायचे. स्वतः काही बनवत नाहीत, पेचकसाने जोडतात फक्त. माझं मत सांगायचं तर हिणवणाऱ्यांनी त्या पेचकसामागे काय होतं ते बघितलं नाही. कुणीतरी भोकांची मापं जाहीर केली होती म्हणून तो पेचकस चालत होता, आणि त्या पेचकसामुळेच तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर आला. भारत १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, २००५ पर्यंत या वस्तूंवरची आयात ड्युटी टप्प्याटप्प्याने शून्यावर आली, आणि असेंबल्ड पीसी आणखी आवाक्यात आला.

आष्ट्यात आमच्या पिढीने कॉम्प्युटर बघितला तो एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये. एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झाली आणि काही वर्षांत गावोगावी तो कोर्स पोचला. मी दहावीच्या सुट्टीत केला. क्लासमधले सगळे डबे असेंबल्ड, एकाचंही झाकण धड लावलेलं नाही. एक बंद पडला की सर दुसऱ्यातली रॅम काढून त्यात घालायचे, आणि तोवर आम्ही वाट बघत बसायचो. तेव्हा ते गबाळेपण वाटायचं. आता कळतं की ते डबे एका मापाचे होते म्हणूनच क्लास बंद पडला नाही.

इथं जरा पुण्याला जाऊन यायला हवं, कारण जोडाजोडीची सगळ्यात मोठी गोष्ट तिथं घडली. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. हवामानाच्या अंदाजासाठी एक मिळाला, तोही वापरावर कडक अटी घालून. त्याहून ताकदीचा मिळाला नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, विजय भटकर त्याचे प्रमुख, आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. आपण शाळेत हे अभिमानाने शिकतो. पण परमच्या आत काय होतं ते फारसं शिकवत नाहीत. क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर बनवायच्या नादी सी-डॅक लागलं नाही. इन्मॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर हे बाजारात मिळणारे प्रोसेसर त्यांनी घेतले. ते असे बनवलेले होते की एकाला दुसरा जोडता यावा. असे अनेक एकत्र जोडून त्यांच्याकडून समांतर काम करून घ्यायचं, त्यासाठीचं जाळं आणि सॉफ्टवेअर स्वतः तयार करायचं. अवघड भाग तो होता. आणि पुढं काय झालं बघा. ट्रान्सप्युटर मागे पडला, तर परम मेला नाही. पुढच्या परममध्ये सन कंपनीचे स्पार्क प्रोसेसर आले. १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर होता. आतले भाग बदलत गेले, नाव आणि कल्पना तीच राहिली. आमच्या आज्जीच्या विळीचं पातं दोनदा बदललं, पाट एकदा बदलला, तरी ती आज्जीचीच विळी होती, तसं.

१९९४ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी हीच गोष्ट अगदी साध्या पीसीवर करून दाखवली. ४८६ जातीचे सोळा प्रोसेसर, साधं इथरनेट, लिनक्स. नाव ठेवलं बियोवुल्फ. कुठल्याही विद्यापीठाला परवडेल असा क्लस्टर. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत २००४ मध्ये १४४ नोडांचा ‘कब्रू’ उभा राहिला तो याच वंशातला. आज मी ज्या सर्व्हरच्या रांगेत उभी असते तोही याच घराण्यातला, फक्त जरा दूरचा.

मग माझ्या डब्यात सहा पिनांचं खोबणं कुठून आलं?

ते आलं ब्रँडेड बाजूने. विद्यापीठं, बँका, सरकारी कचेऱ्या असेंबल्ड घेत नाहीत. टेंडर निघतं, तीन वर्षांची जागेवर येऊन दुरुस्तीची वॉरंटी मागितली जाते, आणि ती मोठी कंपनीच देऊ शकते. मोठी कंपनी एकाच मॉडेलचे लाखो डबे बनवते. तिला बाजारातल्या कॅबिनेटात बोर्ड बसवण्याची गरज नसते, कारण कॅबिनेटही तिचंच. एक वायर कमी झाली, एक स्क्रू वाचला, तर लाखोंच्या हिशोबात तो मोठा पैसा. म्हणून पॉवरचं बटण थेट बोर्डावर, पंख्याचा प्लग निराळा, एसएमपीएस निराळा. हे आजचं नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या काही डेस्कटॉपमध्ये प्लग हुबेहूब एटीएक्सचा होता, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा. बाजारातला एसएमपीएस त्यात सरळ बसायचा, आणि चालू केला की बोर्ड किंवा एसएमपीएस जायचा. स्कॉट म्युलर यांच्या पीसी दुरुस्तीच्या जाड पुस्तकाने, ज्याची पहिली आवृत्ती १९८८ ची, या प्रकाराबद्दल वाचकांना बजावून ठेवलं होतं. माझ्या मते निराळं खोबणं त्यापेक्षा प्रामाणिक. ते निदान बसतच नाही.

पण सगळा दोष लबाडीला देऊ नका. मीही आधी तेच केलं होतं. जुन्या एटीएक्स एसएमपीएसमधून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे वेगवेगळे पुरवठे निघतात. आजच्या प्रोसेसरला आणि कार्डाला मुख्यतः १२ व्होल्टच लागतात. बाकीचे दोन पुरवठे सतत चालू ठेवण्यात, विशेषतः कॉम्प्युटर नुसता चालू असून काम करत नसताना, वीज वाया जाते. मोठ्या कंपन्यांनी म्हणून फक्त १२ व्होल्टचे एसएमपीएस आणले आणि बाकीचे व्होल्ट लागतील तसे बोर्डावरच तयार करायला सुरुवात केली. वायरी कमी झाल्या, प्लग लहान झाला. कॅलिफोर्नियाच्या वीजबचतीच्या नियमांनी जोर लावला, आणि २०२० च्या सुमारास इंटेलने फक्त १२ व्होल्टचं, दहा पिनांचं नवं मानक पुढं केलं. म्हणजे कल्पना चांगलीच होती. घोळ इतकाच की मानक यायच्या आधी प्रत्येक कंपनीने आपापली पिनांची मांडणी करून टाकली होती, आणि माझा डबा त्या मधल्या काळातला. १९८४ च्या आयबीएम एटीला १९२ वॅटचा पुरवठा होता आणि माझ्या २०१८ च्या डब्याला १८० चा, यात कंजुषी आहेच, पण ऑफिसात वर्ड-एक्सेल चालवायला १८० भरपूर. तो डबा माझ्यासाठी बनवलेलाच नव्हता.

हे कळल्यावर काम सोपं झालं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं याची रेघ कुठं ओढायची ते समजलं. ज्या गोष्टी मानकाच्या आहेत त्या येतात : प्रोसेसर, रॅम, एसएसडी. ज्या कंपनीच्या आहेत त्या राहतात : बोर्ड, एसएमपीएस, डबा, पुढचा पंखा. काकांनी त्याच सॉकेटचा वापरलेला मायक्रो एटीएक्स बोर्ड शोधून दिला. नवं कॅबिनेट, ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट एसएमपीएस मिळत होता, तो नको म्हटलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं कॅबिनेट एसएमपीएससकटच विकलं गेलं, त्यामुळे त्यावर वेगळा पैसा घालायचा हेच लोकांना पटत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज कशी येते-जाते हे माहीत असलेल्या माणसाने तरी फुकटचा घेऊ नये.

जोडायला एक अख्खी दुपार गेली. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसली, नवी लावली. एक चूक केली : मागच्या खिडकीचा पत्रा आधी बसवायचा असतो. मी बोर्ड नऊ स्क्रूंनी घट्ट आवळला आणि पत्रा टेबलावर तसाच. सगळं परत काढलं. पुढच्या बटणाच्या बारीक वायरींची जागा एटीएक्सनेही नीट बांधून दिलेली नाही, तिथं बोर्डाची पुस्तिका उघडावीच लागली. विंडोजचा परवाना जुन्या बोर्डाबरोबर गेला. मी लिनक्स वापरते, त्यामुळे अडलं नाही. संध्याकाळी सातला पंखे फिरले. अण्णा म्हणाले, “आवाज बरा हाय.” गिरणीवाल्याकडून मिळालेलं हे मोठंच प्रमाणपत्र.

खरी अडचण त्यानंतर आली.

विभागात आधी चालवलेला एक रन मी पडताळणीसाठी नव्या मशिनवर पुन्हा चालवला. ग्रोमॅक्स तोच, इनपुट फाइल तीच, सुरुवातीचे वेग तेच. पहिल्या थोड्या पावलांत आकडे जुळले. मग शेवटच्या दशांश स्थळांत फरक, मग त्याच्या अलीकडे, आणि काही वेळाने दोन रेणू दोन वेगळ्या रस्त्यांना लागले. माझ्या पोटात गोळा आला. बोर्ड खराब आहे की रॅम?

रात्री सरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आधीचा रन कुठल्या नोडवर होता?” मला सांगता येईना. कुठला प्रोसेसर, कार्ड होतं का, असलं तर कुठलं, ड्रायव्हर कुठला, यातलं काहीच मी लिहून ठेवलेलं नव्हतं. वहीत प्रत्येक रासायनिक तपशील होता आणि यंत्राच्या रकान्यात फक्त ‘सर्व्हर’.

मग सरांनी समजावलं ते असं. कॉम्प्युटर दशांश संख्या ठरावीक अंकांपर्यंतच धरतो, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो. ग्राफिक्स कार्डावर हजारो बेरजा एकाच वेळी होतात, त्यांचा क्रम दर वेळी तोच राहील याची खात्री नसते. रेणूंची गती गोंधळाची असते, तिथं हा एवढासा फरक वाढत जातो. १९६१ मध्ये एडवर्ड लोरेन्झ यांनी हवामानाच्या आपल्या प्रोग्राममध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि अंदाज पार दुसरीकडे गेला, तीच ही गोष्ट. म्हणून एकेका रेणूचा रस्ता जुळायची अपेक्षाच ठेवायची नाही. जुळायला हवेत ते सरासरी आकडे, आणि तेही त्यांच्या चुकीच्या मर्यादेत. “ते जुळतात का बघ. नाही जुळले तर मग यंत्राकडे बघू. पण दोन्ही यंत्रं काय होती ते आधी लिही.”

सरासरी काढायला चार दिवस रन चालले. कर्क्युमिन पोकळीत राहण्याचं प्रमाण, हायड्रोजन बंधांची संख्या, बंधनाची ऊर्जा, सगळं मर्यादेत जुळलं. बोर्ड ठीक होता, रॅमही ठीक. पण विभागातल्या जुन्या अकरा रनांपैकी सात कुठल्या नोडवर झाले हे आता लॉग फाइली चाळूनच काढावं लागणार होतं, आणि त्यातल्या दोन फाइली जागा करायची म्हणून मीच पुसलेल्या होत्या. ते दोन रन पुन्हा करायला लागले. प्रबंधात मी ते तसंच लिहिणार आहे.

आता वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता आहे. कुठला भाग, कधी आला, कुठल्या मानकाचा, कधी बदलला. पहिली ओळ १८० वॅटच्या एसएमपीएसची आहे, आणि शेरा ‘सहा पिन, दुसरीकडे चालत नाही’. अण्णांनी तो तक्ता बघितला आणि गिरणीच्या मोटरची वही आणून दाखवली. रिवाइंडिंगच्या तारखा, बेअरिंगचे नंबर, पट्ट्याची मापं, सगळं निळ्या पेनाने, मी शाळेत होते तेव्हापासूनचं. ही वही घरात आहे हे मला माहीतच नव्हतं.

जुना डबा आता गिरणीत आहे. झाकण काढलेल्या त्या कॅबिनेटमध्ये अण्णा पट्टे आणि ग्रीसचा डबा ठेवतात. आतला बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलाय. काका म्हणाले, त्याच मॉडेलवाला कुणी ना कुणी शोधत येतोच.